पुलावरचा बाक

१२ फेब्रुवारी

दादा,

आधी 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर एकदम तीर्थस्वरूप म्हटलं तर तुला वाटणार, याचं काहीतरी अडलंय. तसं काही अडलेलं नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी दुकानाचं काढतो, तू म्हणतोस "बंद करून टाक ते", मी म्हणतो "पळून गेलेल्यानं सल्ले देऊ नयेत", आणि मग वहिनी तुझ्या हातातून फोन घेते. पत्रात निदान मधे कोणी फोन घेत नाही.

दुकान चालू आहे. ऑपरेशननंतर लेकीकडे राहायला गेलास तेव्हा तुझ्या मशीनवर करड्या अस्तराचा जो तुकडा टाकून गेलास, तो तसाच आहे. मी उचललेला नाही, उचलणारही नाही. मोठ्या कात्रीला धार लावून घेतली. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर यंदा नको म्हणून सांगितलं. कंटाळा आला, दुसरं काही नाही.

पत्राचं कारण वेगळंच आहे. एका गिऱ्हाइकासाठी विचारायचं होतं. जुनं गिऱ्हाईक, साधारण माझ्याच वयाचं, अंगानं थोडं भरलेलं. मागच्या महिन्यात त्याच्या छातीत दुखलं आणि इस्पितळात न्यावं लागलं. आता घरी आहे. डॉक्टर म्हणतात चाला, वजन उतरवा, मीठ-तेल कमी करा. खाण्याचं त्याच्या बायकोनं हातात घेतलंय, त्यामुळे त्या बाबतीत त्याला काही निवडच नाही. पण चालायचं त्याला जमत नाही. पाय धड आहेत. घाबरतो. बाथरूमची कडी लावत नाही म्हणे. जिना चढताना अर्ध्यावर थांबून मनगट धरतो. मी त्याला म्हटलं, माझ्या दादाची बायपास झालीय आणि तो रोज सकाळी बागेत फिरतो, त्याला विचारून सांगतो.

तर ऑपरेशननंतर पहिल्यांदा दाराबाहेर पडलास तेव्हा तू काय केलंस? म्हणजे मनाशी काय म्हणालास? नेमकं लिही, त्याला नेमकं लागतं.

बाकी आम्ही मजेत. मला मधे थोडी ॲसिडिटी झाली होती, आता ठणठणीत आहे. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

धाकटा


२३ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि अख्ख्या कार्डावर एकच ओळ. 'गिऱ्हाइकाची कंबर किती?'

मी दुकानात एकटाच मोठ्यानं हसलो. हसता हसता हात छातीवर गेला. हल्ली तो विचारल्याशिवाय जातो.

बरं बाबा, गिऱ्हाईक मीच. ॲसिडिटी नव्हती. सकाळी एक कोट कापत होतो, डावा हात जड झाला. वाटलं, कापड जाड आहे म्हणून. टेलरला हात दुखला तर तो कापडालाच दोष देतो. मग घाम फुटला आणि टेबलावरचा खडू दिसेनासा झाला. शेजारच्या इस्त्रीवाल्यानं रिक्षात घातलं. स्टेंट बसवला. ही तीन दिवस इस्पितळाच्या बाकड्यावर बसून होती. तुला कळवायचं नाही असं मीच तिला बजावलं होतं, म्हणून तिच्यावर रागावू नकोस.

कंबर किती ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. अण्णा सांगायचे ना, टेलरनं स्वतःचं माप स्वतः घेऊ नये, वाकलं की पोट आत जातं आणि टेप खोटं बोलतो. तू होतास तोवर तू माझं घ्यायचास, मी तुझं. तू गेल्यापासून माझ्या कमरेला कोणी टेप लावलेला नाही. पँट घट्ट व्हायला लागली की मी ती उसवायचो, आत दुमडलेली कापडाची माया सोडायचो, पुन्हा शिवून टाकायचो. पाच मिनिटांचं काम, दोन गिऱ्हाइकांच्या मधे होऊन जायचं. माया संपली तेव्हा मागं तिकोनी तुकडा घातला. नंतर त्या तुकड्याला दुसरा तुकडा. लोकांना त्यांची पँट सांगते की बाबा रे, आता आवर. मी माझ्या पँटीला कधी बोलूच दिलं नाही. इस्पितळात त्यांनी वजन केलं तेव्हा मला वाटलं काटा बिघडलाय. तसं मी नर्सला म्हणालोसुद्धा.

डॉक्टरीणबाई आपल्या पोरींच्या वयाची आहे. म्हणाली, "काका, शरीर चालायला तयार आहे. आता मन तयार करा." मी म्हटलं, "मन काय कोट आहे बाई, मंगळवारी ट्रायल आणि शुक्रवारी घेऊन जा?" ती हसली नाही. म्हणाली, "पुलापर्यंत जाऊन यायचं, सपाट रस्ता आहे, हळूहळू जायचं. बसूनच राहिलात तर पुन्हा इथे याल, आणि तेव्हा आणणाऱ्याला उशीर झालेला असेल." असं तोंडावर बोलली. हिनं ते ऐकलं आणि तेव्हापासून ती माझ्याकडे दुधाच्या भांड्याकडे बघावं तशी बघते.

आता खरं सांगतो. बसलो तर जाईन असं डॉक्टरीणबाईला वाटतं. चाललो तर जाईन असं मला वाटतं. तिनं पुस्तकं वाचलीत, पण छाती माझ्याजवळ आहे ना. छातीतला प्रत्येक ठोका मला ऐकू येतो. मशीन चालवताना त्या आवाजात तो मिसळतो, मग मशीन थांबवून ऐकत बसतो. दुपारी पडतो तेव्हा ही येते आणि माझ्या नाकाखाली बोट धरते. मी जागा असतो. तिला घाबरवायला नको म्हणून डोळे मिटून श्वास जरा मोठ्यानं सोडतो. ती गेली की मग मला भीती वाटते.

गणवेशांची ऑर्डर कंटाळ्यानं सोडली नाही. शाळेच्या बाई म्हणाल्या, "मास्तर, जूनमध्ये हवेत," आणि माझ्या तोंडून जूनची तारीख निघेना. टेलरनं खोटी तारीख द्यायची हे तर ठरलेलंच आहे, पण तो देतो तरी. मला दोन आठवड्यांपुढचं कबूल करवत नाही. आपले अण्णा मी बसतो त्याच खुर्चीत गेले, सुई कापडात रुतलेली होती. त्यांच्या वयाला मी पुढच्या वर्षी पोचतो. तू ते वय ओलांडून गेलास, म्हणून तुला विचारतोय. कसं ओलांडलंस?

बटण्या


६ मार्च

दादा,

उत्तर नाही. बरोबर आहे, काय लिहिणार तू. पण मी लिहितोच, कारण हिच्याशी हे बोलता येत नाही आणि गिऱ्हाइकाशी बोललो तर तो आपला कोट दुसरीकडे शिवायला टाकेल.

हिनं माझ्यासाठी बूट आणले. पांढरे, खाली जाड रबर. दारापाशी ठेवलेत. येता-जाता त्यांना ओलांडावं लागतं. काल शेवटी घातले. वाकलं की दम लागतो, म्हणून नाडी तिनं बांधली. मी जिन्याच्या पायरीवर बसून तिच्या डोक्याकडे बघत होतो, मधे सगळे केस पांढरे झालेत. "मी येऊ का सोबत?" म्हणाली. म्हटलं, "मी काय शाळेत चाललोय का?" ती म्हणाली, "शाळेत जाताना असा चेहरा असतो म्हणूनच विचारलं."

घरातून निघालो. इस्त्रीवाल्यापर्यंत नीट गेलो. तो म्हणाला, "काय मास्तर, आज पायी पायी?" तेवढ्यात छातीत एक ठोका चुकला. खरंच चुकला की मला वाटलं, देव जाणे. मनगट धरलं तर नाडी सापडेना, मग सापडली तर इतकी जोरात की वाटलं, ही माझी नाहीच. पुढचं वळण दिसत होतं, त्याच्यापुढे पूल. दादा, तो रस्ता आपण लहानपणी पळत पार केलाय. काल तो मला असा दिसला की त्याच्या पलीकडे मी नाहीच. मी इस्त्रीवाल्याला म्हटलं, "अरे, चष्मा विसरलो," आणि मागे फिरलो. चष्मा डोळ्यांवरच होता. त्यानं बघितलं आणि इस्त्री पुढे ढकलली. समजूतदार माणूस आहे.

घरी आल्यावर हिनं विचारलं, "झालं एवढ्यात?" मी म्हटलं, "पहिल्या दिवशी एवढंच सांगितलंय." तिनं बुटांची नाडी सोडली आणि बूट पुन्हा दारापाशी ठेवले.

लोक म्हणतात, एकदा मनावर घेतलं की होतं. मी घेतो ना मनावर. रोज सकाळी घेतो. मग ते मनावर इतकं जड होतं की उठवत नाही.

तू पहिल्या दिवशी कुठपर्यंत गेलास, एवढं तरी कळव.

बटण्या


१५ मार्च

दादा,

तुझं दुसरं कार्ड आलं. 'पूल आला का?' बस, एवढंच. चार वर्षं घुम्यासारखा बसून आता तीन-तीन शब्दांनी हिशेब चुकता करतोयस.

आला. पूल आला. तुला लिहायलाच बसलो होतो. आता रोज जातो. इस्त्रीवाला, मग वळणावरची लाँड्री, तिच्या पायरीवर एक पिवळा कुत्रा झोपलेला असतो, तो एक डोळा उघडून बघतो आणि मिटतो. मग पूल. तुझ्या वेळचा पूल राहिला नाही आता. मधोमध बाक टाकलाय, हिरवा, लोखंडी, टेकायला पाठ आहे. दम लागला की मी तिथे बसतो. खाली पाणी बघायचं, श्वास परत आला की उठायचं. भीती वाटते, नाही असं नाही, पण बाक आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्त असतो. तिथवर पोचलं की झालं.

सुरुवातीला काय केलं विचारशील तर, काही नाही, एका सकाळी उठलो आणि गेलो. आपण उगीच बाऊ करतो.

ही पण खूश आहे. बिनमिठाचं जेवतो आणि आता तक्रारही करत नाही. पोटही थोडं उतरलंय असं वाटतं.

तुझ्या लेकीचा फोन आला होता. म्हणाली, "काका, तुमचं पत्र आलं की बाबा खिडकीपाशी जाऊन दोनदा वाचतात." ऐकून बरं वाटलं. घाबरट भाऊ आहे असं तुला वाटू नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बटण्या


२८ मार्च

दादा,

सोबतच्या पार्सलमध्ये माझी रोजची पँट आहे. धुऊन पाठवतोय. डॉक्टरीणबाईनं पुढच्या महिन्यात तपासायला बोलावलंय आणि तुकड्यांची ठिगळं घालून तिच्यापुढे जायची लाज वाटते. माप घ्यायला माणूस नाही, म्हणून नमुना पाठवतो. या पँटीवरून अंदाज घे आणि तुझ्या लेकीच्या छोट्या मशीनवर एक नवी शिवून दे. कापड आत ठेवलंय. शिलाई सोडून चार वर्षं झाली तुला, पण माझ्या अंगाचा अंदाज तुझ्याएवढा कोणाला नाही. मायेचं कापड भरपूर ठेव, पुढं लागेल तसं सोडता येईल.

चालणं रोजचं चालू आहे. काल बाकावर एक म्हातारा शेजारी बसला होता, त्याच्याशी गप्पा झाल्या. त्याचीही बायपास झालेली. म्हटलं, माझ्या दादाचीसुद्धा.

बटण्या


११ एप्रिल

बटण्या,

पँट शिवली आहे. पार्सल सोबत आहे. हात कापतो, म्हणून खिशाची शिलाई थोडी वाकडी आलीय, तेवढं चालवून घे.

आता नीट वाच. तुझी नमुन्याची पँट मी टेबलावर उलटी टाकली. बूड चकाकतंय, बसून बसून कापडाची लव उडालीय. गुडघ्यांना फुगे आलेत. आणि पायाची खालची कड? मागच्या टाचेपाशी एक धागा सुटलेला नाही. रस्त्यावर रोज पुलापर्यंत जाणाऱ्या माणसाची मोहरी अशी नसते रे. पन्नास वर्षं लोकांच्या पँटी उलट्या करण्यात गेली आपली आणि तू टेलरलाच पँट पाठवलीस. गाढवा.

रागानं लिहीत नाही. मी ती पँट लगेच ओळखली, कारण माझ्याकडे तशाच चार आहेत.

मी बागेत फिरत नाही. सकाळी लेकीला सांगून निघतो, बागेच्या फाटकापाशी पहिलाच बाक आहे, त्यावर बसतो. वेळ झाली की घरी येतो. कपाळाला थोडं पाणी लावून येतो, घाम वाटावा म्हणून. चार वर्षं हेच करतोय. तुला सोडून पळालो असं तू म्हणायचास ना. त्या जिन्यातून पळालो. दुकानाचा जिना चढताना मला रोज वाटायचं, आज मधेच संपणार. कोणाला सांगता येईना, म्हणून दुकानाला नावं ठेवली. तू विचारलंस, अण्णांचं वय कसं ओलांडलं. बसून ओलांडलं. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, पुन्हा एक नळी बंद व्हायला लागलीय. लेकीला अजून सांगितलेलं नाही.

मग तुझं बाकाचं पत्र आलं. धाकटा जातो म्हटल्यावर मला बसवेना. दुसऱ्या दिवशी फाटकावरून आत गेलो. झाडांच्या रांगेपर्यंत. पलीकडच्या बाजूला बसायला काही नाही, तिथे छाती धडधडायला लागली. मी मनात म्हटलं, बटण्या आत्ता पुलावर बसलाय, हिरव्या बाकावर, पाण्याकडे बघतोय, त्याला काही झालेलं नाही. असं म्हणत म्हणत पुढे गेलो आणि पूर्ण फेरी मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पार्सल येईपर्यंत रोज जात होतो. लेकीला वाटलं, मी नेहमीसारखाच जातोय.

पार्सल उघडलं आणि समजलं की तू त्या बाकावर कधी बसलाच नाहीस. त्या दिवसापासून मी परत फाटकापाशी बसलोय. आधी भीती होती, आता ही एक जास्तीची भीती आली, की मी एवढा चाललो ते कशाच्या जोरावर?

नव्या पँटीची कंबर मी माझ्या अंदाजानं ठेवलीय, तुझ्या नमुन्यावरून नाही. घट्ट होईल. आत माया ठेवलेली नाही, जास्तीचं सगळं कापून टाकलं. उसवून बघू नकोस, काही सापडणार नाही.

मला एकच कळव. पुलावर तो बाक खरंच आहे का?

दादा


१९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवलो नाही. हिला वाटलं, मीठ नाही म्हणून रुसलो. तिच्यापुढे पत्र ठेवलं. तिनं वाचलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "दोघे भाऊ एकाच कापडाचे." मग म्हणाली, "भाऊजी तिथे तुमच्या भरवशावर एकटे चालत होते, आणि तुम्ही इथे खिडकीत बसून कुत्रा रंगवत होता." या वाक्यानं मला जेवढी भीती वाटली तेवढी इस्पितळातसुद्धा वाटली नव्हती. तुला त्या झाडांच्या पलीकडे काही झालं असतं तर? मी पाठवलं असतं तुला तिथं, घरबसल्या, एका कागदावरून.

आज सकाळी नवी पँट चढवली. बटण लागता लागेना. पोट आत घेऊन लावलं, तर श्वास घ्यायची पंचाईत. सवयीनं हात कात्रीकडे गेला. आत उलटून पाहिलं, तू खरंच काही ठेवलेलं नाहीस. बेल्ट न लावताच निघालो. बूट हिनं बांधले. या वेळी सोबत येऊ का असं तिनं विचारलं नाही, फाटकात उभी राहिली.

इस्त्रीवाल्यानं नुसतं चष्म्याकडे बोट करून दाखवलं, की आहे बरं का. वळणावर लाँड्री आहे. पिवळा कुत्रा नाही. काळी कुत्री आहे, पिल्लांची, आणि ती एक डोळा उघडून बघत नाही, दोन्ही डोळ्यांनी बघते आणि गुरगुरते. मी भिंतीला घासून गेलो. तोवर धडधड सुरू झाली होती. मनगट धरायचं नाही असं ठरवलं होतं, तरी धरलं. मग खिशात हात घातला, तुझ्या त्या वाकड्या शिलाईच्या खिशात, आणि शिलाई चाचपत चालत राहिलो. मी फार घाबरलो होतो, दादा. कोणी माझ्याशी बोललं असतं तर मी रस्त्यावर रडलो असतो.

पूल आला. मधोमध गेलो.

पुलावर बाक नाही.

नव्हताच, मला माहीत होतं. पण तुला लिहून लिहून मलाही कुठेतरी वाटायला लागलं होतं, की असेल. तिथे नुसता कठडा आहे, कमरेएवढा, गंजलेला. बसायला काही नाही. मागे जावं तरी तेवढंच अंतर, पुढे जावं तरी तेवढंच. कठडा दोन्ही हातांनी धरला. ठोके कानात वाजत होते. वाटलं, झालं, आता गेलो. हिचा फाटकातला चेहरा आठवला, मग तुझा फाटकापाशीचा बाक आठवला, आणि तुझ्यावर इतका राग आला की सांगता येत नाही. चार वर्षं! वहिनीला नाही, लेकीला नाही, मला नाही. मी उभ्यानं तुला सगळ्या शिव्या दिल्या. मोठ्यानं दिल्या असाव्यात, कारण एक सायकलवाला वळून बघत गेला. शिव्या संपल्या तेव्हा लक्षात आलं की मगापासून मी ठोके ऐकत नव्हतो. ते चालूच होते, पण हळू झाले होते. मी तिथे किती वेळ उभा होतो ते ठाऊक नाही. पाय दुखले तेव्हा परत फिरलो. पुलाच्या पलीकडच्या टोकाला गेलो नाही. ते राहिलंय.

ही फाटकातच होती. मी जवळ आलो तर तिनं माझ्या नाकाकडे बोट नेलं, दिवसाढवळ्या, रस्त्यावर, आणि मग एकदम ओशाळून हात मागे घेतला. मी म्हटलं, "धर, आहे अजून."

भीती गेलेली नाही. हे लिहितानाही ती शेजारी बसलीय. उद्या सकाळी उठून बूट दिसले की पुन्हा चष्मा विसरावासा वाटणार, हे मला आजच माहीत आहे. तू विचारलंस म्हणून जसं आहे तसं सांगितलं. बाक नाही, उभं राहावं लागतं. आज राहता आलं.

तू लेकीला नळीचं सांग. आज सांग. हे पत्र दाखव, म्हणजे तुला तोंड उघडावं लागणार नाही. डॉक्टर पुन्हा चाला म्हणाले, तर तिला सोबत घे आणि झाडांच्या पलीकडे जा. मी त्याच वेळी पुलावर असेन. या वेळी खरोखर असेन. खात्री हवी असेल तर महिन्याभरानं ही पँट पाठवतो, उलटी करून बघ.

आणखी एक. परत येताना शाळेवरून आलो. बाई फाटकातच होत्या. गणवेशांचं अजून कोणाला दिलेलं नाही म्हणाल्या. मी दहा जून सांगितलं. सांगताना जीभ अडखळली, त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा दहा जूनच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

एवढं काम मला एकट्याला होणार नाही. तुझ्या मशीनवरचं अस्तर अजून मी उचललेलं नाही.

बटण्या